बंडीतला फोटो

पडद्यावर ओळ आली, ही चावी लागत नाही. हेमेंद्र कटरेनं पेनड्राइव्ह काढला, बनियनच्या टोकाला पुसला, फुंकर मारली आणि पुन्हा लावला. पुन्हा तीच ओळ. त्याच्या डोक्यात तिडीक गेली. खुर्चीवरून न उठता तो स्वयंपाकघराच्या दिशेनं ओरडला, "त्या बोर्डात रॉड कोणी लावला?" उत्तर त्याला ठाऊक होतं. कार्तिकातला गारठा, आंघोळीला ऊन पाणी हवं, म्हणून आईनं बादलीत रॉड सोडला आणि तो नेमका इन्व्हर्टरच्या बोर्डात खोचला. कुठंतरी फट् झालं, इन्व्हर्टर एकदा कण्हला आणि बसला, त्याच्याबरोबर कोपऱ्यातला डबाही बसला. बसला तर बसला, पुन्हा सुरू करता येतो. झालाही होता सुरू. पंखा गुणगुणत होता, हिरवा दिवा लागला होता, आतल्या डिस्क ठणठणीत होत्या. फक्त दार उघडत नव्हतं. फुलवंताबाई पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. "म्याच लावला, बेटा. मले का माहीत कोनता बोर्ड कायचा हाय तं. बिघडला का तुया डबा?" हेमेंद्र मान न वळवता म्हणाला, "बिघडला." एवढा एकच शब्द. त्या आत गेल्या आणि त्या दिवशी त्यांनी थंड पाण्यानंच आंघोळ केली.

डबा म्हणजे काही फार नव्हतं. हेमेंद्र गोंदियातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा. तिथून भंगारात निघालेलं एक मशीन त्यानं घरी आणलं, त्यात दोन मोठ्या डिस्क बसवल्या, म्हणजे एक गेली तरी दुसरी राहील, आणि घरातलं होतं नव्हतं ते सगळं त्यात भरून टाकलं. लग्नाचे फोटो, बायकोच्या, योगेश्वरीच्या, बी.एड.च्या नोट्स, पोरीचं पहिलं पाऊल. आणि बाबूजींचा आवाज. मग त्यानं त्या सगळ्याला कुलूप घातलं. कुलूपही असं तसं नाही. पासवर्ड म्हटला की कोणी खांद्यावरून बघतं, कोणी अंदाज बांधतं, आपणच विसरतो. त्यानं चावी म्हणून एक फोटोच लावला. डबा सुरू होताना पेनड्राइव्हवरचा तो फोटो समोर आणायचा, डबा त्यातला ठिपका न् ठिपका तपासणार, एक ठिपका इकडचा तिकडे झाला तर दार बंद. कोणाला सांगून पटणार नाही अशी ही युक्ती त्याला फार आवडली होती. फोटो उदेलाल कटऱ्यांचा, म्हणजे त्याच्या वडिलांचा, बाबूजींचाच. खऱ्यात, म्हणजे मळणीच्या खळ्यावर, खाटेवर बसलेले, अंगात बंडी, खांद्यावर दुपट्टा, मागं कापलेल्या धानाच्या पेंढ्यांचं पुंजणं, उन्हानं डोळे बारीक झालेले, आणि तोंड अर्धवट उघडं, कारण फोटो काढताना ते कोणाला तरी हाक मारत होते. असल्या फोटोवर कोण संशय घेणार? एकदा उघडला की डबा उघडाच राहायचा, बंद होईपर्यंत. आणि बंद तो होतच नसे. किती महिने न थांबता चालला ते तो कॉलेजातल्या पोरांना छाती फुगवून सांगायचा, आणि लगेच जोडून सांगायचा, की प्रत्येक गोष्टीची एक प्रत दुसरीकडे ठेवत जा.

कुलपाचा हा सोस त्याच्यात आला कुठून, असं योगेश्वरी नेहमी विचारायची. कपाटाला कुलूप, बॅगेला कुलूप, फोनला कुलूप. हेमेंद्र हसण्यावारी न्यायचा. आमगावच्या पलीकडच्या त्या गावात, त्यांच्या घराला कुलूपच नव्हतं. दाराला साखळी होती आणि ती कुत्र्यासाठी होती. कोणीही यावं, ओसरीवर बसावं, मडक्यातलं पाणी प्यावं. बाबूजींना दार लोटलेलं दिसलं तरी ते खवळायचे. "घरात कुलूप कायले? चोर हाव का आपुन?" बारावीला गोंदियात खोली करून राहिला तेव्हा हेमेंद्रनं पहिल्यांदा लोखंडी पेटी घेतली आणि तिला पितळी कुलूप लावलं. सुट्टीत पेटी घेऊन घरी आला. दुसऱ्या दिवशी शेतावरून परतला तर पेटी अंगणात उघडी, कडी दगडानं तोडलेली, आणि बाबूजी त्याची पुस्तकं, चड्ड्या, एका मुलीनं वाढदिवसाला दिलेला रुमाल, असं सगळं खाटेवर पसरून बसलेले. रागावलेले नव्हते, उलट खुशीत होते. ऊन दाखवत होते कपड्यांना. "कुबट वास येऊन राहिला होता," ते म्हणाले, आणि रुमाल उंच धरून शेजारच्या मंगरूला दाखवला, त्यावर विणलेलं फूल किती झ्याक आहे ते. गावात त्यांचा आवाज प्रसिद्ध होता. बोडीच्या, म्हणजे शेततळ्याच्या, पाळीवर उभे राहून त्यांनी हाक मारली की शेवटच्या बांधीतला माणूस मान वर करायचा. त्या आवाजात त्यांनी त्या दिवशी रुमालाची तारीफ केली. मंगरू हसला, मंगरूची बायको हसली. हेमेंद्र आत जाऊन धानाच्या कोठीमागं बसला. त्याला वाटलं होतं, या माणसाला आयुष्यात कधीही काहीही उघडता येणार नाही असं कुलूप आपण एक दिवस लावू. इतक्या वर्षांनी ते लागलं होतं, आणि बाहेर तो स्वतः उभा होता.

त्यानं पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावून फोटो उघडला, आणि मग किती तरी वेळ तो नुसता बघत राहिला. बाबूजींच्या अंगात कोट होता. निळा कोट, आत पांढरा शर्ट, लाल टाय. मागं धानाचं पुंजणं नव्हतं, आकाशी रंगाचा पडदा होता. दुपट्टा गेला होता. चेहरा गोरा झाला होता. फक्त तोंड तसंच अर्धवट उघडं, टायच्या वर, हाक मारता मारता थांबलेलं. हा फोटो त्यानं रोज पाहिला होता. समोरच्या भिंतीवर तोच होता, चंदनाचा हार घातलेला. तरीही त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं, की भिंतीवरचा फोटो जिथून निघाला तिथं बंडीतला उरला नसेल. तेरवीच्या आदल्या दिवशी तो आमगावला स्टेशन रोडवरच्या दुधरामच्या स्टुडिओत गेला होता. डोकं भादरलेलं, खिशात किल्ल्या, किल्ल्यांना लावलेला पेनड्राइव्ह. डबा इकडे गोंदियाला, जुना फोन केव्हाच एक्स्चेंजमध्ये गेलेला, त्यातले फोटो डब्यातच. दुधरामनं विचारलं, फोटो हाय का? हेमेंद्रनं किल्ल्या पुढं केल्या. त्या वेळी ती चावी नव्हती, बाप होता. आमगावच्या पंचक्रोशीत कोणाच्याही बैठकीत जा, भिंतीवरचे मेलेले सगळे एकाच कोटात दिसतात. निळा, काळा आणि मरून, असे तीन कोट दुधरामच्या कॉम्प्युटरमध्ये आहेत, मान तेवढी बदलते. जन्मभर बंडीत राबलेला माणूस मेल्यावर बँकेचा मॅनेजर होतो आणि सगळ्यांना बरं वाटतं. आत्याबाईंनी निळा सांगितला होता. हेमेंद्रनं मान डोलावली होती.

योगेश्वरीनं जेवायला वाढलं, तो जेवला नाही. कॉलेजात रजा टाकली आणि मोटरसायकल काढून तो आमगावला गेला. वाटेत दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या बांध्या पसरलेल्या, खऱ्याखऱ्यातून मळणीयंत्राचा धूर आणि भुसा. तो मनातल्या मनात दुधरामशी भांडत होता. अशी वाक्यं सुचत होती की ऐकून दुधरामच्या तोंडचं पाणी पळावं. प्रत्यक्षात दुधरामनं उठून त्याच्यासाठी स्टूल पुसला आणि चहा सांगितला. हेमेंद्रनं सगळं सांगितलं, चावीचं, ठिपक्यांचं. दुधरामनं शांतपणे ऐकून घेतलं. त्याला त्यातलं किती कळलं कोण जाणे.

"म्हणजे वो बंडीवाला पाहिजे तुमाले," तो म्हणाला.

"तोच पाहिजे. तुझ्या कॉम्प्युटरात असेल. शोध."

"आमी ठेवत नाही नं सर. कितीक लोकं येतेत. तुमच्याच पेनड्राइव्हवर काम केलो, त्याच्यातच सेव केलो. बॅनरची फाइलबी त्याच्यातच टाकून दिली, तुमाले गोंदियात छापाचा होता म्हून."

"पण मूळ फोटोवरच सेव्ह कशाला केलंस? वेगळ्या नावानं करता येत नव्हतं? इतकी साधी अक्कल नाही?"

 बाहेरून मालगाडी गेली, काचेमागच्या फोटोंतले नवरा-नवरी हादरले. मग तो हळूच म्हणाला, "सर, तुमी येथीच बसले होते. या स्टूलावर. मी पुसलो तुमाले, येच्यावरच सेव करू का? तुमी म्हणले, कर." थोडं थांबून तो पुढं म्हणाला, "बंडीवाला कोन टांगते भिंतीले? आजपर्यंत कोनी वापस मांगाले आला नाही."

आणि हेमेंद्रला ते आठवलं. अगदी लख्ख. स्टुडिओतला गोंदाचा वास, डोक्यावरून फिरणारा गार वारा, नुकत्या भादरलेल्या डोक्याला तो झोंबत होता, आणि दुधराम मान वळवून विचारतोय. तो 'कर' म्हणाला होता. बाहेर स्वयंपाकी थांबला होता, बुंदीचं तेल आणायचं होतं. भांडायला आणलेली सगळी वाक्यं तोंडातच राहिली. चहा त्यानं पिऊन टाकला, कारण तो समोर होता.

मग सुरू झाली फोटोची भीक. कोणाकडे तरी मूळ असेल, या आशेवर त्यानं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, बाबूजींचा बंडीतला फोटो ज्यांच्याकडे असेल त्यांनी पाठवा. तासाभरात फोटोंचा ढीग. सालेकशाच्या मामांकडून, भिलाईच्या भाच्याकडून, ज्यांना त्यानं कित्येक वर्षांत फोन केला नव्हता त्यांच्याकडूनही. सगळे तेच बाबूजी, तीच खाट, तेच उघडं तोंड. तो एकेक उतरवून डब्यासमोर धरायचा आणि डबा म्हणायचा, ही चावी लागत नाही. लागणार नव्हतीच. व्हॉट्सॲपवरून गेलेला फोटो दिसायला तोच असला तरी वाटेत पिळून निघालेला असतो, ठिपके गळालेले असतात. हे तो पोरांना शिकवायचा. तरीही एकेक धरून बघत होता. त्यात भलतंच झालं. कोणीतरी फोटोखाली हात जोडले, दुसऱ्यानं 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं, तिसऱ्याला वाटलं आता फुलवंताबाईच गेल्या, आणि दुपारी तिरोड्याची मावसबहीण रडत फोनवर. आईनं फोन घेतला. "मी जिती हाव वो," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ हसत होत्या. हेमेंद्रला हसू आलं नाही. त्याला त्या सगळ्या लोकांचा राग आला, त्यांच्या जोडलेल्या हातांचा, आणि सगळ्यांत जास्त त्या चेहऱ्याचा, जो इतक्या ठिकाणी होता आणि कुठंच नव्हता.

पुसलेलं परत काढणारं एक सॉफ्टवेअर त्यानं पेनड्राइव्हवर चालवलं. कॉलेजातून आला की तो त्याच्यासमोर बसायचा. योगेश्वरी म्हणाली, "जाऊ द्या ना आता. माणूस गेला तर आवाज धरून का करता?" तो तिच्यावर खेकसला. ती शाळेतल्या वह्या उचलून आत निघून गेली. अखेर सॉफ्टवेअरनं एक फाइल बाहेर काढली आणि हेमेंद्र पडद्याकडे पुढं सरकला. वरून फोटो उमटायला लागला. उन्हातलं आभाळ, पुंजण्याचं टोक, बाबूजींचं कपाळ, बारीक डोळे, नाक, मिशी. मिशीच्या खाली राखाडी रंग, सरळ शेवटपर्यंत. तोंडावर बॅनरची फाइल बसली होती. त्यानं ते अर्धं डोकंही डब्यासमोर धरलं.

आवाज वाचवायची कल्पना त्याचीच होती. बाबूजींच्या घशात गाठ निघाली, नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की ऑपरेशन करावं लागेल आणि आवाजाची पेटी काढावी लागेल. बाबूजींनी विचारलं, मंग बैलाले हाक कशी मारू?  ऑपरेशनच्या आधी हेमेंद्रनं चांगला माईक विकत आणला आणि वैशाखातल्या दुपारी त्यांना इथंच, याच खोलीत, खुर्चीवर बसवलं. म्हणाला, तुमच्या मनात येईल ते सांगा, लहानपणापासूनचं. ते बोलायला लागले की पडद्यावर हिरव्या रेघा उसळायच्या. हेमेंद्र त्या रेघांकडे बघत होता. पंख्याचा आवाज येत होता म्हणून त्यानं पंखा बंद केला. बाबूजींच्या मानेवरून घाम ओघळत होता. कुकरची शिट्टी झाली, त्यानं थांबवलं, म्हणाला, पहिल्यापासून सांगा. बल्लारशाची गाडी भोंगा देत गेली, पुन्हा पहिल्यापासून. बाबूजी खाकरले, त्यानं हात वर केला. असे किती दिवस त्यानं त्यांना बसवलं. ऑपरेशन झालं, नंतर ते सहा-सात महिने होते, टाळी वाजवून पाणी मागायचे, आणि पौषात गेले. आवाज डब्यात सुखरूप होता. हेमेंद्रनं तो एकदाही ऐकला नाही. निवांत ऐकू, वर्षश्राद्धाला सगळ्यांना बोलावून ऐकवू, असं त्यानं आईला सांगून ठेवलं होतं. इतके महिने दार सताड उघडं होतं, आणि तो आत गेला नाही. हे आता त्याला खुर्चीत बसल्या बसल्या इतकं स्पष्ट दिसत होतं की डोकं भिंतीवर आपटावंसं वाटत होतं.

फुलवंताबाई दबकत आल्या आणि डब्यापासून जरा लांब, जमिनीवर बसल्या. रॉडच्या त्या सकाळपासून त्या या खोलीतल्या कुठल्याच बटणाला हात लावत नसत, दिवाही योगेश्वरीला लावायला सांगत. बाहेर ऊन कलतं झालं होतं.

"बेटा," त्या म्हणाल्या, "मिस्त्रीले दाखवला का? माया हातानं झाला तं माये पाटले मोडून दुरुस्त कर. मले तेवढं आयकाचं हाय."

 इतके दिवस तो 'बिघडला' शब्द त्यांच्या डोक्यावर ठेवून आपण मोकळे फिरत होतो, याची हेमेंद्रला शरम वाटली. "तुझ्यानं नाही झालं, माय," तो म्हणाला. "रॉडनं काही झालं नाही. माझ्यानंच झालं. तेरवीच्या वेळी." तो भिंतीकडे बघत म्हणाला, "त्या कोटानं."

त्यांनी कोटाकडे पाहिलं. त्यांना काय कळायचं ते कळलं असावं. "निघत नाही का मंग?"

"नाही निघत. कधीच निघणार नाही."

त्या रडतील असं त्याला वाटलं, पण त्या विचारात होत्या. "तवा मी चुलीजवर होती," त्या म्हणाल्या. "माया नाव घेतला होता त्यायनं. एक डाव नाही, तीन-चार डाव. फुलवंता, फुलवंता म्हणे. मी मनात म्हणली, सांगू दे, पोराच्या कामात आपुन कायले जाव. मंग आयकू. का सांगून राहिले होते मायाविषयी?"

हेमेंद्रनं आठवून पाहिलं. खुर्ची आठवली. मानेवरचा घाम आठवला. हिरव्या रेघा कशा उसळायच्या आणि पडायच्या, ते अगदी नीट आठवलं. फुलवंता म्हणताना रेघ वर गेली असेल, कारण बाबूजी ते नाव मोठ्यानंच घ्यायचे. पण पुढं काय? त्यानं डोळे मिटले. कानात बाबूजी नव्हतेच. कानात त्याचाच आवाज होता, जरा चिडलेला. थांबा बाबूजी, गाडी जाऊ द्या. पहिल्यापासून सांगा.

"मले वाटलं तुले आयकू येत असल," फुलवंताबाई म्हणाल्या. "डबा गेला तं जाऊ दे. तू तं येथीच होता नं, समोर बसून." त्यांनी पाय दुमडले, पदर सावरला, आणि बाबूजींच्या त्या खुर्चीकडे तोंड करून नीट बसल्या. "तूच सांग. पहिल्यापासून सांग."

कोपऱ्यात डबा गुणगुणत होता. हेमेंद्र उठला, त्यानं त्याचं बटण बंद केलं. खोलीत एकदम शांत झालं. दूरवर गाडीचा भोंगा झाला, तो थांबेपर्यंत दोघंही थांबले. मग तो आईसमोर येऊन बसला. तिनं कान पुढं केला होता. त्यानं तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं.